फेदोस्यानं दिलेलं नाव

तो बल्ब मालवा बरं, डोळ्यांत जातो. भट्टीचा उजेड पुरे. मासे अजून बराच वेळ धुरात राहणार आहेत, तोवर तुम्हाला तेरेंतीचं सांगतो. इकडून तिकडून ऐकलेलं नाही. त्याच्या आणि माझ्या कांद्याच्या वाफ्यांमध्ये नुसतं एक कुंपण होतं. त्यानं हे एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विषय काढला तर टोपी घालून चालता व्हायचा.

तीन वर्षांमागची गोष्ट. मोठ्या उपासाआधी आपला पितरांचा शनिवार येतो ना, त्याच्या आदला शुक्रवार. तेरेंतीच्या घरी वडिलांच्या नावानं पिरोग, कणकेत मासा भरलेला रोट, भाजायचा होता. त्याच्या बायकोनं, मालान्यानं, कणीक भिजवली आणि बजावलं, की सासऱ्यांच्या नावानं दुकानातला गोठवलेला मासा मी वाढणार नाही. म्हणून तेरेंती सकाळीच गोठलेल्या सरोवरावर गेला. बरोबर नझार. फेदोस्या म्हातारीचा एकुलता एक, तिशीला आलेला, लग्नाचं नाव काढलं की पळणारा. तोंडाचा फटकळ, पण मनानं सोनं. तेरेंतीला काका म्हणायचा.

दिवसच करंटा निघाला. गिरमिटानं बर्फात भोकं पाडली, गळ सोडले, गुडघ्यांना मुंग्या येईपर्यंत बसले, पण एक मासा आमिषाला शिवेल तर शपथ. जागा बदलली. तिथं नझारचा दोरा तुटला. तेरेंतीच्या हातून थर्मास कलंडला आणि गरम चहा बर्फानं पिऊन टाकला. नझार म्हणाला, "काका, मासे आपल्या आधीच उपासाला बसलेत."

दुपार कलली, वारा फिरला. बर्फावरच्या बाकीच्या मासेमारांनी आपल्या फुगीर चाकांच्या गाड्या चालू केल्या आणि गावाकडे निघाले. आपल्याकडे दिवस सूर्यास्ताला उलटतो, हे तुम्हाला सांगायला नको. सूर्य बुडाला की शनिवार लागला. आणि पितरांच्या दिवशी बर्फावर कोणी थांबत नाही, कारण त्या दिवशी सरोवर त्यांचं असतं. तेरेंती उठायला लागला. नझारनं बाही वर करून मनगट पुढे केलं.

"घड्याळात अजून शुक्रवारच आहे, काका. रिकाम्या हातानं गेलो तर आई आठवडाभर माझी सालटी काढेल."

तेरेंतीही रिकाम्या हाताचाच होता. म्हणून तो परत बसला. चूक म्हणाल तर एवढीच.

अंधार पडता पडता बर्फ कडाडला. किनाऱ्याच्या बाजूला भेग गेली आणि बघता बघता नदीएवढी रुंद झाली. पलीकडून मागे राहिलेल्या एका गाडीवाल्यानं पाहिलं, हात हलवले, आणि मदत आणायला गावाकडे गेला. मग धुकं उतरलं. फोन थंडीनं मेलेले. दोघं भेगेच्या काठाकाठानं निघाले, कुठं तरी अरुंद सापडेल म्हणून. पाणी सतत डाव्या हाताला ठेवलं होतं. बरंच चालल्यावर पुढे दोन भोकं दिसली. त्यांचीच. शेजारी कलंडलेला थर्मास.

पुन्हा निघाले. पुन्हा तिथंच आले. चकवा रानात लागतो म्हणतात, पण उघड्या बर्फावर कसा लागावा?

या खेपेला तिथं कोणीतरी बसलं होतं.

पाठमोरा. मेंढीच्या कातड्याचा जुना कोट. हातात गळ नाही, दोरा नाही. नुसता भोकाकडे बघत होता. तेरेंतीनं दोन बोटांनी क्रुसाची खूण केली, नमस्कार घातला. तो भोकाकडेच बघत राहिला. थोडं पलीकडे आणखी एक. त्याच्यापलीकडे आणखी. जिकडे बघावं तिकडे पाठी.

नझार हळूच म्हणाला, "काका... आपण एवढी भोकं पाडली नव्हती."

तेरेंतीनं त्याची बाही धरली. जायला जागाच नव्हती. मागे पाणी, पुढे ते.

आणि मग आवाज आला. गाव इतकं लांब, की तिथली कुत्री ऐकू येत नव्हती. पण हा आवाज कानाशी होता. प्रार्थनाघरात प्रार्थना वाचणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या वाचकाचा.

"सावेली."

एकजण उठला. कोट झटकला. आणि... नव्हता.

"पोलिकार्प."

दुसरा उठला.

तेरेंतीला नावं कळली. त्याच्या आजीच्या तोंडची होती. बुडालेली, कधीच न सापडलेली, मातीत न गेलेली माणसं. आपल्या गावात त्यांची नावं वर्षातून याच एका संध्याकाळी वाचतात.

इकडे गावात काय चाललं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. धुक्यात कोणी होडी काढायला धजेना, सगळे सकाळच्या वाटेकडे डोळे लावून. गाडीवाल्यानं सांगितलं होतं, भेग मोठी आहे, आशा नाही. वाचकानं दोघी बायकांना जवळ बोलावून विचारलं, मेलेल्यांत वाचायला नावं देता का? फेदोस्या रडून रडून आटली होती. म्हणाली, "आज नाही दिलं, तर माझं लेकरू वर्षभर प्रार्थनेवाचून पाण्यात राहील." तिनं नाव दिलं. कोणत्या आईनं दिलं नसतं? मालान्या मात्र उठून उभी राहिली.

"माझा माणूस मासे आणायला गेलाय," ती म्हणाली. "घरी कणीक झाकून ठेवलीय. वाचायचंच असेल तर जिवंतांत वाचा. मेलेल्यांत मी देणार नाही."

बायका कुजबुजल्या, काय दगडी काळजाची आहे. मीही मनात तेच म्हणालो. ती निघून गेली आणि घरी जाऊन चूल पेटवत बसली.

बर्फावर नावं वाचली जात होती. एकेक पाठ कमी होत होती. शेवटी दोनच भोकं उरली. त्यांची स्वतःची.

नझार आपल्या भोकाशी बसला.

"उठ."

"पाय दुखतात, काका. जरा टेकतो."

"नझार, उठ. घरी जायचंय."

"ऐका ना... माझ्या आईचा आवाज येतोय. रडतेय ती."

तेरेंतीनं बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली. डोळे मिटले.

"नझार."

ते कोण बोललं, ते तेरेंतीला ठाऊक होतं. बाही हातात होती. जड होती. त्यानं डोळे उघडले नाहीत. आता आपलं नाव. आता येईल. आता...

काही नाही.

वारा. पाणी. काही नाही.

त्यानं विचारलं, "आहेस ना रे?"

...

रात्रभर तो तेच विचारत राहिला. डोळे मिटून.

पहाटे धुकं विरलं तेव्हा आम्ही तिघं होडी ओढत गेलो. तेरेंती गुडघ्यांवर होता, दाढी बर्फानं पांढरी. त्याची बोटं बाहीवरून एकेक करून सोडवावी लागली. घरी मालान्यानं त्याला चुलीपुढं बसवलं, चहा पाजला, आणि मग पहिल्यांदा रडली. संध्याकाळी फेदोस्या आली. तिनं विचारलं, कसा गेला? तेरेंती म्हणाला, बर्फ फुटला, काकू, डोळ्याची पापणी लवायच्या आत गेला. ती म्हणाली, मग नाव वेळेवर पोचलं म्हणायचं, देवाची कृपा. तेरेंतीनं मान हलवली. मरेपर्यंत त्यानं तिला दुसरं काही सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. ती म्हातारी अजून आहे.

पण आम्ही तिघांनी पाहिलंय. तिथं बर्फ कुठं फुटलेला नव्हता. गिरमिटाचं ते भोक, वीतभर रुंद. त्यातून मांजर जाणार नाही. आणि भोकाशी नझारचा कोट बसलेला होता, ताठ. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याच्या आईनं विणलेला पट्टा कमरेला, गाठ न सुटलेली.

आत कोणी नव्हतं.