मंगळावर न उघडलेली हाक

बाबांचं उत्तर आलं, तेही एकाच ओळीचं: "शाल्मली, ईमेल मिळाला, पण सोबतची फाइल उघडत नाही."

असं कसं? इथे तर ती झक्क उघडत होती! माझ्या दहा महिन्यांच्या भावाने, कौस्तुभने सकाळी पहिल्यांदाच "बाबा" म्हटलं होतं. तेच मी ध्वनिमुद्रित करून मंगळावरच्या तळावर पाठवलं होतं. बाबा तिकडे निघाले तेव्हा कौस्तुभचा जन्मही झाला नव्हता. आणि आज संध्याकाळी मंगळ सूर्याच्या आड जाणार होता. मग तीन आठवडे ना निरोप जाणार, ना येणार.

मी डोकं लढवलं. तळावरचे संगणक बारा वर्षांचे, म्हणून फाइलच्या नावाची शेपटी (शेवटची अक्षरं) बदलून जुन्या प्रकारची केली आणि पुन्हा पाठवली. निरोप जायला वीस मिनिटं, यायला वीस.

"अजून नाही गं," उत्तर आलं. मला रडूच फुटलं.

"डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली म्हणून मिठाची साखर होते का?" तात्या म्हणाला. तात्या म्हणजे आमचा यंत्रमानव, तोही बारा वर्षांचा. लसूण सोलता सोलता बंद पडायचा, म्हणून आई त्याला उद्या भंगारात देणार होती.

"फाइल म्हणजे नुसते आकडे," तो सांगू लागला. "ते रचायची ठरलेली पद्धत असते (तिला फॉरमॅट म्हणतात). तुझी पद्धत नवी, जुन्या संगणकाला ती ठाऊकच नाही. तू शेपटी बदललीस, आतले आकडे होते तसेच राहिले."

"मग काय करू?"

"मूळ फाइल उघड आणि जुन्या पद्धतीने नव्याने साठव, म्हणजे आकडेच पुन्हा रचले जातील. पण आधी मला पाठव. मी त्या संगणकांच्याच वयाचा. मला उघडता आली, तर त्यांनाही येईल."

मी तसं केलं. तात्या जरा घरघरला, आणि त्याच्या छातीतून कौस्तुभ बोलला, "बाबा!"

लगेच पाठवलं. पुढची चाळीस मिनिटं आई जेवायलाही बसली नाही.

"ऐकलं! सोळा वेळा ऐकलं. आता तीन आठवडे सहज काढीन," बाबांनी लिहिलं होतं. सोबत एक फाइल होती. ती मी मुद्दाम तात्यालाच उघडायला दिली.

"काय रे बाळा?" तात्याच्या छातीतून बाबा म्हणाले. कौस्तुभ रांगत गेला आणि तात्याच्या पायाला घट्ट बिलगला.

आईने डोळे पुसले. "त्या भंगारवाल्याला येऊ नकोस म्हणून कळव गं."

तीन आठवड्यांनी मंगळ पुन्हा दिसेल. तोवर कौस्तुभला "तात्या" म्हणायला शिकवायचंय. ते बाबांना कसं पाठवायचं, हे आता मला माहीत आहे.