सहा नावांचा क्रम

"विभामावशी, मी रिझाइन करतेय. आजच. दोन वाजता डीनला लेटर देणार."

सकाळचे साडेआठ वाजले होते. विभावरी नुकतीच जॉन्सनव्हिलच्या घरून येऊन ऑफिसचं कुलूप काढत होती आणि फोनवर जुई हुंदके देत होती.

"अगं पण झालं काय?"

"माझ्या दारावर कोणीतरी ते पत्र चिकटवलंय. वर लिहिलंय, झालं समाधान?"

विभावरी तडक तिसऱ्या मजल्यावर गेली. राज्यशास्त्र विभागाचं ऑफिस सांभाळत तिला सोळा वर्षं झाली होती. हरवलेल्या उत्तरपत्रिका, गायब झालेल्या किल्ल्या, सगळं तीच शोधायची. पण कोणाला असं रडताना ऐकलं की तिचं डोकं आधी तापायचं आणि मग चालायचं.

पत्राबद्दल तिनं ऐकलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं. महिन्यापूर्वी विद्यापीठानं जाहीर केलं होतं की विभागातल्या सहा जागांपैकी एक कापणार. दक्षिण आशिया आणि स्थलांतर, या दोन विषयांतला एकच राहील. सूचना निनावी चालतील. मग एक निनावी पत्र आलं, सगळ्या प्राध्यापकांत फिरलं आणि दक्षिण आशियावाल्या देवव्रत सरांची जागा गेली. चोवीस वर्षांची नोकरी! गेल्या शुक्रवारी सर कागदांवर सही करून, कोणाचा निरोपही न घेता निघून गेले. स्थलांतर शिकवणारी जुई राहिली. आणि जुई सरांचीच विद्यार्थिनी.

विभावरीनं जुईच्या दारावरचा कागद काढला. पत्र इंग्रजीत होतं. पत्रात आधी सगळ्यांचे विषय दिले होते. ओवेन, निवडणूक पद्धती. कीथ, आंतरराष्ट्रीय संबंध. जुई, स्थलांतर. देवव्रत, दक्षिण आशिया. फिलिपा, सार्वजनिक धोरण. हिनेमोआ, माओरी राजकारण. त्याखाली मजकूर होता: "देवव्रत यांच्या वर्गात यंदा जेमतेम पाच विद्यार्थी आहेत. अकरा वर्षांत त्यांच्या टिपणांतली एक ओळ बदललेली नाही. जुईचा विषय या देशाच्या उद्याचा आहे. देवव्रत यांनी आता थांबावं."

"तू लिहिलंस?" विभावरीनं आत बसलेल्या जुईला सरळच विचारलं.

"मावशी!"

"हो की नाही?"

"नाही! ही इज लाइक माय डॅड. आठवडाभर फोन करतेय, उचलत नाहीत. त्यांनाही वाटतंय मीच लिहिलं." जुईनं डोळे पुसले. "असा ठपका घेऊन मी इथे शिकवू शकत नाही. आय कान्ट."

"काल जेवायला ये म्हणून मेसेज केला होता. का नाही आलीस? निदान पोटभर रडली असतीस."

"तू मराठीत लिहिलास. मला कुठे वाचता येतं?"

इथे परदेशातच, हॉर्नबीत वाढलेली पोर. बोललेलं सगळं कळायचं, पण एक अक्षर ओळखायची नाही.

"दोन वाजेपर्यंत जागची हलू नकोस," विभावरी म्हणाली.

दारावरच्या कागदावर वर लिहिलेली अक्षरं हिरव्या शाईची होती. विभागात हिरव्या पेनानं पेपर तपासायचा एकटा ओवेन. तिनं त्याला चहाच्या खोलीत गाठलं.

"दारावर तू चिकटवलंस ना?"

ओवेन कानापर्यंत लाल झाला. "हो. राग आला होता. देवव्रतसारखा माणूस नाही इथे."

"आणि पत्र?"

"मी? मी तर कीथला सांगितलं होतं, माझे तास कमी करा पण देवव्रतला ठेवा. विचार कीथला."

"जुईनं लिहिलं कशावरून?"

"फायदा तिचाच झाला की!"

"एवढंच? निवडणुका शिकवतोस आणि पुरावा मागत नाहीस?"

विभागप्रमुख कीथनं ओवेनचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं. पत्र विद्यापीठाच्या निनावी फॉर्मवरून आलं होतं, त्यामुळे पाठवणाऱ्याचा माग लागणं शक्य नव्हतं.

"एक गोष्ट मात्र खटकली," तो म्हणाला. "ही यादी ज्येष्ठतेनं नाही, खोल्यांच्या क्रमानं नाही, ए-बी-सीनंही नाही. घाईत लिहिली म्हणावं, तर बाकी पत्र किती नेटकं आहे."

विभावरी जागेवर येऊन बसली. कागद समोर ठेवून नावं पुटपुटू लागली. ओवेन, कीथ, जुई, देवव्रत, फिलिपा, हिनेमोआ. परत एकदा. ओ, क, ज, द, फ, ह.

"अगंबाई!"

तिनं पर्स उचलली आणि लोअर हटची ट्रेन पकडली.

दार देवव्रत सरांनीच उघडलं. दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. बैठकीत पुस्तकांची खोकी तशीच बांधलेली पडली होती.

"चहा टाकू?"

"नको. सर, ते पत्र तुम्ही लिहिलंत."

सर खुर्चीत बसले.

"ती यादी मराठी मुळाक्षरांच्या क्रमानं आहे. आधी स्वर, मग क, ज, द, फ आणि शेवटी ह. इंग्रजी शाळेत शिकलेल्याला हा क्रम सुचणारच नाही. विभागात मराठी माणसं तीन. जुईला अक्षरओळख नाही. मी लिहिलेलं नाही. उरलात तुम्ही."

"आधी मराठीत लिहून काढलं," सर हळू आवाजात म्हणाले. "विचार मराठीतच येतात हो अजून. मग इंग्रजी केलं. क्रम तसाच राहिला, लक्षातच आलं नाही."

"निवृत्ती घ्यायची होती सरळ. हे कशाला?"

"चौकशी केली होती. मी आपण होऊन गेलो असतो तर ती कपात धरलीच नसती. मी गेलो असतो आणि वर जुईही गेली असती. माझा विषयच निरुपयोगी ठरला, तरच तिचा वाचणार होता."

"म्हणून स्वतःबद्दल इतकं वाईट लिहायचं?"

"त्यात खोटं काय आहे, विभावरी? पाच विद्यार्थी. जुनी टिपणं. लिहायला बसलो आणि एकेक वाक्य पटतच गेलं मला." त्यांनी स्वेटरचं चुकलेलं एक बटण काढलं. "तेच फार लागलं बघा."

विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण घड्याळात साडेबारा झाले होते.

"तिचा फोन का उचलला नाहीत?"

"तिच्याशी खोटं बोलता आलं नसतं. तिला कळू देऊ नका, उपकाराचं ओझं नको तिच्यावर."

"ओझं? सर, सगळ्यांनी तिला चोर ठरवलंय! तुम्हीही तेच समजता असं वाटतंय तिला. दोन वाजता ती राजीनामा देतेय. ज्या जागेसाठी तुम्ही गेलात, तीही जागा जाईल."

सर ताडकन उठले. गाडीची किल्ली शोधू लागले.

दीड वाजता त्यांनी गाडी विभागासमोर उभी केली, पण वर येण्याचा धीर त्यांना होईना. विभावरी एकटीच गेली. चहाच्या खोलीत सगळ्यांना बोलावून तिनं यादी वाचली, मुळाक्षरांचा क्रम समजावला आणि पत्र कोणी, का लिहिलं ते सांगितलं. ओवेननं मान खाली घातली.

"त्यांना परत घेता येईल?" जुईनं विचारलं.

कीथनं नकारार्थी मान हलवली. सही झाली होती.

जुई धडाधड जिना उतरली आणि गाडीत जाऊन बसली.

"मला विचारायचं होतं, सर! हाऊ डेअर यू!"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच."

ती त्यांच्यावर ओरडली, इंग्रजीत, मराठीत, तोंडाला येईल ते बोलली. सर ऐकत राहिले. मग तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू सरांनाही आवरेना.

वरच्या खिडकीतून विभावरी पाहत होती. दोन वाजून गेले तरी दोघं गाडीतच होती.