खिशातली टरफलं

"इथं कुणी बसलंय का?"

"रुमाल बसलाय," तो म्हणाला.

"मग त्याला उठवा."

त्याने रुमालाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि रुमालाला उठवलं. माजलगावच्या मैदानात प्रियदर्शनीला भागवत भेटला तो असा. भेटला हे तिला फार उशिरा कळलं. त्या संध्याकाळी तिला फक्त खुर्ची मिळाली होती.

कारण तिचं सगळं लक्ष रविराजकडे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत रविराज तिसरा आला होता, आणि प्रियदर्शनीच्या मते ती परीक्षकांची चूक होती. मतदानाच्या आठवड्यात तिने घरातले सगळे मोबाइल कामाला लावले होते. शिवाय तेलगावात ती ज्यांची शिकवणी घ्यायची त्या पोरांच्या आयांचेही. आता स्पर्धेतले गायक गावोगाव कार्यक्रम करत फिरत होते, आणि जिल्ह्यात जिथे रविराज तिथे प्रियदर्शनी. सोबत वत्सलाआत्या, कारण वडिलांची तशी अट होती. आत्याला गाण्यात रस नव्हता, शेंगांत होता.

भागवतही रविराजचाच चाहता. नोकरी साखर कारखान्यात, चिटबॉयची. म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात देणारा. आख्खं शिवार याच्या चिठ्ठीची वाट बघायचं, पण स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलायची वेळ आली की याला घाम फुटायचा. अक्षर मात्र छापल्यासारखं.

फर्माईश चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवायची आणि गायकाने ती माइकवर वाचायची, अशी या कार्यक्रमांची रीत. प्रियदर्शनी गाणं सांगायची, भागवत लिहायचा, घडी घालून तिच्या हातात द्यायचा आणि ती चिठ्ठी स्टेजकडे सरकवायची. माजलगाव, केज, परळी, अंबाजोगाई. चार गावं झाली, तीसेक चिठ्ठ्या झाल्या. तिने एकही उघडून पाहिली नाही. विश्वास म्हणा, नाहीतर नजर स्टेजवरून हलत नव्हती म्हणा.

केजला शेंगा खाता खाता टरफलं कुठं टाकावीत म्हणून ती इकडेतिकडे बघत होती. भागवतने शर्टाचा खिसा दोन बोटांनी उघडून धरला.

"शर्ट खराब होईल तुमचा."

"होऊ द्या. तसा बी रिकामाच हाय."

तिने मूठभर टरफलं खिशात टाकली. हात काढून घेताना कापडामागची धडधड तिच्या बोटांना लागली.

"ढोलकी लई जोरात वाजायलीय," ती म्हणाली.

"हां… ढोलकीच हाय ती."

ती हसली, क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली – आणि तेवढ्यात रविराजने तान घेतली. ती पुन्हा स्टेजकडे वळली. वळायला नको होतं, हे तिला पुढे पुष्कळदा वाटलं.

पाचवा कार्यक्रम तेलगावातच, शनिवारी. त्या संध्याकाळी भागवत पेनाचं टोपण सारखं काढत-लावत होता. तिने विचारलं, तर म्हणाला, काही न्हाई. मग खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून तिच्या हातात ठेवली, "हे तुमी वाचा… मी पाणी घेऊन येतो" म्हणाला आणि रुमाल खुर्चीवर टाकून उठला. नेमका त्याच वेळी रविराज स्टेजवर आला. सगळं मैदान उभं राहिलं, तीही राहिली. भागवतला ती "हां हां" म्हणाली होती. कशाला, ते तिला कधीच आठवलं नाही. हाताला मात्र सवय होती. चिठ्ठी पुढे गेली.

दोन गाण्यांनंतर रविराजने ती उघडली आणि त्याला हसू फुटलं. "ही फर्माईश न्हाई," तो माइकवर म्हणाला, आणि वाचू लागला – "सोमवारी मला पोरगी बघायला युसूफ वडगावला नेणार हायत. जाऊ का नको, ते तुमीच सांगा." त्याने माइक लोकांकडे धरला. "सांगा रे, काय करावं ह्यानं?"

मैदान एका आवाजात म्हणालं, "जा."

प्रियदर्शनीने तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा केला होता. शिकवणी घेणाऱ्या बाईचा आवाज. इतरांपेक्षा वेगळा ऐकू आला.

"अजून एक ओळ हाय," रविराज म्हणाला. "केजला तुमी खिशात टाकलेली टरफलं मी अजून टाकून दिली न्हाईत."

लोक हसले. तिचे हात तोंडाशीच राहिले. शेजारी रुमाल बसला होता. तिने मागे वळून पाहिलं. खुर्च्या संपतात तिथे भागवत उभा होता, दोन्ही हातांत पाण्याचे ग्लास, आणि तिच्या त्या हातांकडे बघत होता. मग त्याने ग्लास वाकून, न सांडता एका खुर्चीवर ठेवले आणि तो गर्दीतून बाहेर पडला.

"कुणाचं तरी वाटोळं झालं बग," वत्सलाआत्या शेंग फोडत म्हणाली.

घरी पोचेपर्यंत 'रविराज परिवार' या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून भागवत बाहेर पडला होता. तिने फोन केला. वाजून वाजून बंद झाला. मग ती निरोप लिहायला बसली. मी चिठ्ठी उघडलीच नव्हती, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण 'जा' तर तिनेच ओरडून सांगितलं होतं, ते कसं मागे घ्यायचं? तिने लिहिलं, खोडलं, पोरांच्या वह्या तपासाव्यात तसं तपासलं. निरोप पूर्ण होऊन गेला तो सोमवारी संध्याकाळी.

उत्तर लगेच आलं. "चिठ्ठी मिळाली. आताच जाऊन आलो. पसंती झाली."

वर्षभराने आष्टीला रविराजचा कार्यक्रम होता. चाहती म्हणून तिची हजेरी चुकली नाही. शेजारच्या खुर्चीवर तोच रुमाल होता, धुतलेला, घडी केलेला. लोक विचारायचे, ती "येतायत" म्हणायची.

भागवत दिसला दोन रांगा पुढे. सोबत बायको, गोड चेहऱ्याची, मन लावून गाणं ऐकणारी. शेंगा खात होती. टरफलं मुठीत मावेनाशी झाली, तेव्हा तिने सहज त्याच्या खिशाकडे हात नेला.

भागवतने खिशावर हात ठेवला. दुसऱ्या हाताची ओंजळ तिच्यापुढे धरली – "इकडं दे."

रविराजने तान घेतली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच प्रियदर्शनी स्टेजकडे बघत नव्हती.