घंटेतलं बारसं

"आई, बाळाचं बारसं 'गॅनेट'वर करायचं म्हणतोय... तिच्याच घंटेत!"

फोनवर कॉलिनचे हे शब्द ऐकले मात्र, म्युरिएलनं हातातला कप बशीत ठेवून दिला. आनंद म्हणावा की धास्ती, तिचं तिलाच कळेना!

'गॅनेट', इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या किनाऱ्यावर स्मारक म्हणून जपलेली ती म्हातारी पाणबुडी, म्हणजे हॉस्किन्स घराण्याचं दैवतच. सासरे युद्धात अशाच एका पाणबुडीतून गेले ते परतलेच नाहीत. नवरा विल्फ 'गॅनेट'ची इंजिनं सांभाळून निवृत्त झाला आणि आता लोकांना तीच बोट फिरून दाखवत होता. अशा घरातल्या एकुलत्या एका लेकानं नौदलाकडे पाठ फिरवून पाव भाजायचं ठरवलं, तेव्हा संतापाच्या भरात विल्फच्या तोंडून नको ते निघून गेलं, "माझ्या परवानगीशिवाय या बोटीवर पाऊल ठेवायचं नाहीस!" मुलगा बंदर ओलांडून पलीकडे पोर्ट्समथला गेला, तो कायमचाच.

आणि म्युरिएल? ती भांडली नाही की रडली नाही. तिनं फक्त मनाशी पण केला... जिथे माझ्या लेकराचं पाऊल नको, तिथे माझंही नको! विल्फ किती आर्जवं करायचा, पण ती दरवेळी म्हणायची, "नको रे बाबा, डिझेलच्या वासानं डोकं उठतं माझं." भोळ्या विल्फला ते खरंच वाटायचं.

बारशाची गोष्ट तिनं भीतभीतच काढली. विल्फनं पुसत असलेला बूट खाली ठेवला.

"येऊ दे," तो म्हणाला. "पण रीत पाळायची."

रीत अशी, की बोटीवर जायच्या फळीपाशी थांबायचं, 'वर येऊ का?' म्हणून विचारायचं, आणि परवानगी मिळाली की मगच पाऊल टाकायचं.

रविवारी नौदलाच्या जुन्या प्रथेप्रमाणे 'गॅनेट'ची पितळी घंटा उलटी टांगून तिच्यात पाणी भरलं होतं. आत, कडेनं, बारसं झालेल्या बाळांची नावं कोरलेली. त्यात कॉलिनचंही होतं. पाद्री आले, विल्फचे जुने सोबती आले. विल्फ छातीवर पदकं लावून फळीच्या वरच्या टोकाला ताठ उभा, आणि खालच्या टोकाला कॉलिन, कुशीत इवलीशी आयरिस. शेजारी सून बेथन नखं कुरतडत होती.

"त्यानं विचारावं," विल्फ पुटपुटला.

"त्यांनी बोलवावं," कॉलिन म्हणाला.

"घ्या! बाप तसा बेटा!" मागून एक म्हातारा खलाशी ओरडला. "अरे, पोरीला मिशा फुटायच्या तुमचं हे आटपेपर्यंत!"

आयरिसनं टाहो फोडला. म्युरिएलचं काळीज गलबललं... आता नाही तर कधीच नाही! ती लेकाला मागे सारून फळीपाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्युरिएल हॉस्किन्स. वर येऊ का?"

"तू?" विल्फ चक्रावला. "अगं, तुझं डोकं..."

"काही होत नाही माझ्या डोक्याला! कधीच होत नव्हतं! माझ्या पोराला जिथे बंदी, तिथे मी कुठल्या तोंडानं मिरवायला येणार होते, विल्फ?"



"इतकी वर्षं... आणि एका शब्दानं बोलली नाहीस गं?" विल्फ म्हणाला. त्यानं टोपी काढली आणि तो स्वतःच फळी उतरून खाली आला. लेकासमोर उभं राहून त्यानं विचारलं, "पोरा... नातीला घेऊ का?"

"परवानगी आहे, बाबा!" कॉलिन हसायला गेला आणि रडूच लागला.

मग काय विचारता! सगळी मंडळी फळी चढून बोटीवर गेली. पाणी डोक्यावर पडताच आयरिस अशी किंचाळली की सगळी पोलादी बोट दणाणली. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. विल्फनं कॉलिनला खांद्याला धरून सर्वांपुढे उभं केलं. "हा माझा मुलगा. पाव भाजतो. उभ्या पोर्ट्समथमध्ये याच्यासारखा पाव कुणी भाजत नाही!"

म्युरिएल थक्क झाली. "तुला रे काय ठाऊक?"

"दर शनिवारी बहिणीकडे म्हणून जातेस आणि येताना पाव आणतेस," विल्फ तिच्या कानाशी लागून म्हणाला. "पहिल्याच घासाला पोराच्या हातचा पाव ओळखला होता मी. पण ओळखला म्हणालो असतो, तर तू आणायची थांबली असतीस ना..."