कोपीपर्यंत चाळीस पावलं

"खुट्याला धरिते सई, हाताला हात देई,
दोघींच्या जोरामंदी, दगडाला पाय येई…"

उदगीरच्या गल्लीत डाळ भरडणाऱ्या तारामतीमावशीचा हा आवाज. अंबिका तेव्हा सात वर्षांची होती, मावशीच्या हातावर हात ठेवून जातं ओढायची. पुढं मावशी गेली, जातंही गेलं. अंबिका शिकून फिजिओथेरपिस्ट झाली. पण कुणी म्हातारं माणूस खाटेच्या काठावर बसून उठायला कचरलं, की तो आवाज तिच्या कानात घरघरू लागायचा.

लातूरबाहेर, मुरुडच्या रस्त्याला लागून असलेल्या वृद्धाश्रमात ती पहिल्या दिवशी आली, ती थेट समोरून येणाऱ्या चाकाच्या खुर्चीवर आदळली.

"अहो, बगून!" खुर्ची ढकलणारा उंच, सावळा तरुण ओरडला. मग तिची पडलेली बॅग झटकून देत म्हणाला, "कुणाला ठिवायला आलाव?"

"ठेवायला न्हाई. उठवायला आलेय."

खुर्चीतली म्हातारी फिसकन हसली. "मन्म्या, ही पोरगी तुला बी उठवंल बग."

तो मन्मथ, शिरूर अनंतपाळचा. आश्रमात आंघोळीच्या पाण्यापासून रात्रीच्या गोळ्यांपर्यंत सगळं त्याच्याच हाती. म्हातारी लक्ष्मम्मा. पडून मांडीचं हाड मोडलेलं, आत रॉड घातलेला, दोन महिने होऊन गेलेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण लक्ष्मम्मा चालत नव्हत्या.

आणि चालणं तर भाग होतं. त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन नांदेडला कापडाचं दुकान चालवायचा. त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, "येळवशीला येतो. अम्मा कोपीपर्यंत आपल्या पायानं आली तर राहू दे. न्हाईतर नांदेडला घेऊन जातो." येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आश्रमाच्या मागच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहायची, तिथं पूजा, तिथंच भज्जी-आंबिलाचं जेवण. लक्ष्मम्मांच्या खोलीपासून कोप बरोबर चाळीस पावलांवर. आणि नांदेडचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं.

"तिथं खिडकीतून आभाळ दिसतंय गं," लक्ष्मम्मा म्हणाल्या, "माणूस दिसत न्हाई. एकदा वर नेलं, की मी खाली येणार ती चौघांच्या खांद्यावर."

हातात चार आठवडे होते.

अंबिकानं त्यांना खाटेच्या काठावर बसवलं. समोर स्टूल, स्टुलावर घडी घातलेलं फडकं. "अम्मा, हे जातं. ओढा." लक्ष्मम्मांचे हात फिरू लागले. पुढं वाकल्या की अंग पायांवर यायचं, मागं गेल्या की सैल पडायचं. तिसऱ्या ओढीला अंबिका म्हणायची, "आता तशाच वर!" आणि लक्ष्मम्मा काय होतंय ते कळायच्या आत उभ्या राहायच्या.

"अय्यो, साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे. पण डोळे चमकायचे.

मन्मथ दाराशी उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, माझा बी गुडघा दुखून राहिलाय."

"कुठला?"

"तुम्ही म्हणाल तो."

अंबिकानं वही उघडली, उगाच काहीतरी लिहिलं, आणि वहीत बघूनच हसली. तिला आठवड्यातून तीन दिवस यायचं होतं, ती पाच दिवस येऊ लागली. 'अम्मांसाठी,' ती स्वतःला सांगायची. गेटातून आत शिरताना मात्र डोळे आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे जायचे. तिथं तो भाकरी थापत असायचा… मान न वळवता म्हणायचा, "आलाव? चहा ठिवलाय."

दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात काहीतरी बिनसलं. लक्ष्मम्मा उभ्या राहायच्या, पण मांड्या थरथरायच्या. काल दहा पावलं टाकलेली, आज सहा. अंबिकाला झोप लागेना. व्यायाम चुकला? रॉड हलला? फोटो काढून आणला, रॉड जागेवर होता. मग पाय का आटत चालले?

येळवशीला तीन दिवस उरले, तेव्हा ती न सांगता सकाळी सातलाच आली. लक्ष्मम्मांच्या खोलीत वॉकर कोपऱ्यात उभा होता. त्यावर दोन टॉवेल वाळत घातलेले. खालच्या रबरी टोप्या अजून नव्यासारख्याच. आणि मन्मथ लक्ष्मम्मांना लहान लेकरासारखं दोन्ही हातांवर उचलून न्हाणीकडे निघालेला.

अंबिकाला सगळं कळलं. ती पाठ फिरवून गेली, की लक्ष्मम्मांचं जमिनीवर पाऊल पडत नव्हतं. जेवण खाटेवर, पाणी उशाशी, न्हाणीला हातांवर.

"असं रोज?" तिनं विचारलं.

"म्हातारं माणूस हाय मॅडम. दुखतंय त्यांना. सेवा करायची का चालवून मारायचं?"

"तुम्हाला त्यांचे पाय नकोत मन्मथ. तुम्हाला पुण्य पायजे! तीन दिवसांनी नांदेडच्या गाडीत बसवा त्यांना, अन् मग करा सेवा रिकाम्या खाटेची."

मन्मथचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं लक्ष्मम्मांना हळूच खाटेवर ठेवलं आणि बाहेर गेला. लक्ष्मम्मा भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मीच म्हणले त्याला, उचल. माझी चूक हाय, पोरी."

दुसऱ्या दिवशी अंबिका आली, तेव्हा चहा ठेवलेला नव्हता. मन्मथ मागच्या रानात कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या सोडत बसला होता. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"माय होती माझी," तो वर न बघता म्हणाला. "गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. न्हाणीला जायला हात दे म्हणाली. मी मोबाईलवर मॅच बगून राहिलो होतो. म्हणलो, दोन पावलं तर हायत, जा की. पडली. मग आठ महिने मी तिला खाली पाय ठिवू दिला न्हाई. सगळं खाटेवर केलं. लोक म्हणायचे, लेक असावा तर असा."

"आठ महिने…" अंबिका पुटपुटली. पुढचं तिला बोलवेना.

मन्मथचे हात थांबले. तिच्या न बोललेल्यातलं त्याला ऐकू आलं असावं.

"पडल्यानं न्हाई गेली," तो सावकाश म्हणाला. "मी निजवून ठिवली, त्यानं गेली. हाव ना?"

ती त्याच्याशेजारी मातीत बसली. खोटं बोलवत नव्हतं, आणि खरं त्याच्या डोळ्यांत आधीच आलं होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," एवढंच ती म्हणाली. मग, "काल मी लई वाईट बोलले."

"अम्मांना काय करायचं, ते सांगा."

"हात मागं बांधायचे. त्या हाक मारतील, रडतील, तरी."

दोन दिवस तो हात मागं बांधून लक्ष्मम्मांच्या बाजूनं चालला. न्हाणीला, जेवायला, उन्हात. लक्ष्मम्मांनी त्याला कन्नडमधून शिव्या घातल्या, मराठीतून घातल्या. दहा पावलं. अठरा. सव्वीस. सव्वीसच्या पुढं काही केल्या गाडी जाईना.

येळवस उजाडली. मल्लिकार्जुनची गाडी आली, मागची सीट आडवी करून, गादी अंथरूनच.

"अम्मा, कशाला हट्ट? चल घरी," तो म्हणाला.

लक्ष्मम्मांनी स्टूल जवळ घेतलं. फडक्याचं जातं तीनदा ओढलं, उठल्या, वॉकर धरला. व्हरांडा झाला. पायरी झाली. वीस. पंचवीस. रानाच्या कडेला ढेकूळ आडवं आलं, वॉकर कलला आणि लक्ष्मम्मा एका अंगाला झुकल्या.

"मन्म्या!"

 अंबिकानं मन्मथकडे पाहिलं. त्यानं मागं बांधलेली बोटं इतकी आवळली होती, की नखं पांढरी पडलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात मात्र सुटले नाहीत.

"अम्मा," तो म्हणाला, "मी हाय इथंच. टाच टेका आधी."

लक्ष्मम्मांनी टाच टेकली. श्वास घेतला. वॉकर सरळ झाला. सत्तावीस… तीस… मल्लिकार्जुन पुढं धावला, तर त्याच्यावरच डाफरल्या, "बाजूला हो! उजेड अडवून राहिलास."

चाळीसावं पाऊल कोपीच्या दाराशी पडलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मल्लिकार्जुन आईच्या पायाशी वाकला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. मग स्वतःच जाऊन त्यानं गाडीतली गादी गुंडाळली.

जेवणं झाली. आंबिलाचा रिकामा मातीचा बिंदगा घेऊन मन्मथ विहिरीकडे निघाला. अंबिका मागून गेली. तुरीतून वारा येत होता.

"आता अम्मा चालून राहिल्या," तो पाठमोराच म्हणाला. "म्हणजे तुमचं काम सरलं. आता कशाला येताल तुम्ही इकडं?"

अंबिका थांबली.

"मन्मथ, मला तीनच दिवस यायचं होतं. पाच दिवस येत होते. अम्मांचं नाव सांगून." तिनं श्वास घेतला. "आज अम्मा चालल्या, अन् माझं निमित्त सरलं. म्हणून खरं सांगते. मी तुमच्यासाठी येत होते. पुढंबी तुमच्यासाठीच येईन."