आर्दिनचा ठेका

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," उल्हासकाका केयाला आणि सिद्धेशला म्हणाले. नेपरव्हिलमध्ये बर्फानं लाइट गेले होते, तिघं एका रजईत बसले होते. "इथल्याच ट्रॉय गावातल्या राजेशची गोष्ट. माझ्याबरोबर नोकरीला होता. खोटं रचायची त्याला अक्कलच नाही."

गेल्या जानेवारीतली भोगीची रात्र. ऑफिस आटोपून राजेश ओहायोला निघाला. मागच्या सीटवर नीलाचं आर्दिन. नीला त्याची बायको, त्याआधीच्या दिवाळीत वारली. आर्दिन म्हणजे मॉरिटानियातल्या मूर लोकांचं वाद्य. भोपळ्यावर ताणलेलं कातडं, वर तारा. वाजवायचं बायकांनीच. पूर्वीच्या शेजारणीनं, आता ओहायोला राहणाऱ्या मरियमनं, नीलाला ते शिकवलं होतं. उद्या मरियमकडे लग्न, म्हणून आज ते तिला पोचतं करायचं होतं.

एकीनं तारा छेडायच्या आणि दुसऱ्या कुणीतरी त्याच कातड्यावर बोटांनी ठेका धरायचा, अशी रीत. नीलाला घरात दुसरं होतं कोण? रोज संध्याकाळी ती हीटरजवळ कातडं शेकायची, आपल्याकडे हलगी शेकतात तसं, आणि म्हणायची, "बस ना रे जरा." याचे कॉल काही संपायचे नाहीत. आजारपणात एकदा म्हणाली, "आज तरी." तेव्हाही हा म्हणाला, "पाच मिनिटं." त्यानंतर तिनं विचारलंच नाही.

साडेदहाला त्यानं हायवे सोडला. दोन्ही बाजूंना मक्याची रिकामी शेतं.

मागे एक तार वाजली.

खड्डा असेल, तो स्वतःशीच म्हणाला.

मग दुसरी. मग नीलाची ती रोजची धून... आणि ठेक्याच्या जागी येऊन ती थांबली.

वाट बघत.

राजेशनं हात उचलला. स्टिअरिंगवर नुसती बोटं वाजवायची होती. "नीला, मी..." बोटं हलेनात.

पुन्हा धून. पुन्हा ती रिकामी जागा...

मग मागूनच ठेका पडला. बरोबर जागेवर.

त्यानंतर धून थांबली नाही, थेट मरियमच्या दारापर्यंत. राजेश रडत गाडी चालवत होता. भीती केव्हाच गेली होती, ठेका देणाऱ्याचा त्याला हेवा वाटत होता.

"बट काका, ठेका कोण देत होतं?" केयानं विचारलं.



"मरियमनं वाद्य आत घेतलं," काका म्हणाले. "कातड्यावरून हात फिरवला. राजेशचा हात धरून एका जागी ठेवला. बाकी सगळं कातडं गारठलेलं, ढिलं. ठेका पडतो तेवढीच जागा गरम होती."