झाकणाची आतली बाजू

कुनिहिको तेराओचा डाग लावण्यात हातखंडा होता. शिझुओका शहरात प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचे कारखाने गल्लोगल्ली आणि त्या जोडत बसणारे हौशी घरोघरी. पण कालपरवा रंगवलेला वीतभर रणगाडा महिनाभर चिखल तुडवून आलाय असं वाटायला लावावं ते तेराओनेच, हे त्याच्या मंडळातले खवचट लोकसुद्धा कबूल करत. त्याचा नियम एकच होता. कारण ठाऊक नसलेला डाग लावायचा नाही. गंज कुठे धरेल, पाणी कुठून ओघळेल, चढता-उतरता बूट कुठे घासतील, हे आधी वहीत लिहायचं आणि मग कुंचला उचलायचा. बाकीचे त्याला हसायचे. तो हसू द्यायचा.

त्या जानेवारीत, म्हणजे १९७७ साली, त्याच्या टेबलावर होता तो त्याच्या वडिलांचा रणगाडा.

शोकिची तेराओ लाकडाच्या कारखान्यात कामाला होता. करवतीने त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मुळापासून नेलं, तरी सैन्याने त्याला सोडलं नाही. रणगाडा हाकायला चार बोटं पुरतात म्हणाले. मुलगा जन्मायच्या आधीच तो फिलिपिन्सला गेला आणि १९४५च्या जानेवारीत लुझोन बेटावर मेला. चौघांच्या त्या रणगाड्यातून एकच माणूस परत आला. सेम्बा त्यांचं नाव. याइझूच्या बंदरात त्यांचं सुक्या माशांचं दुकान होतं. दर जानेवारीत ते माशाची पुडी घेऊन यायचे, देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायचे आणि तेराओच्या आईला तेच तेच सांगायचे, "गोळा लागला, वहिनी. एका क्षणात संपलं. शोकिचीला कळलंसुद्धा नसेल."

आईने त्या एका क्षणावर बत्तीस वर्षं काढली होती.

आता येत्या रविवारी, मृत्यूचं साल धरून, तेहेतिसावं श्राद्ध होतं. ते झालं की गेलेला माणूस नावानिशी उरत नाही, पितरांत मिसळून जातो. पुढे त्याच्यासाठी वेगळं काही करायचं नसतं. आई गेले सहा महिने म्हणत होती, "एकदाचा सुटेल रे." त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे ठेवायला म्हणून तेराओने हा रणगाडा करायला घेतला होता.

श्राद्धाच्या आठ दिवस आधी, शनिवारी दुपारी तो बुरुजावरचं झाकण हातात धरून त्याची आतली बाजू पांढरी रंगवत होता. खऱ्या रणगाड्यात आतून पांढराच रंग असे. खिडकीतून ऊन येत होतं, शेगडीपाशी संत्र्यांच्या साली वाळत होत्या. त्याची बायको मिचियो चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "अहो, आतून कशाला रंगवताय? बंद झाकणाच्या आत शिरून कोण बघणार आहे?"

"मला माहीत असतं ना."

"मग काय, आत राहायलाच जा."

तो हसला. रंग वाळल्यावर त्याने झाकण बिजागरीवर बसवलं; चिकटवलं नाही, नुसतं टेकवलं.

सोमवारी कारखान्याच्या साचेखान्यातलं काम आटपून घरी आल्यावर त्याला झाकणाच्या कडेचा रंग उडालेला दिसला. केसाएवढा टवका. वहीत त्याची नोंद नव्हती. आपलंच नख लागलं असेल, असं म्हणून त्याने त्यावर रंग फिरवला आणि आंघोळीला गेला.

मंगळवारी टवका परत होता आणि शेजारी आणखी दोन होते. त्याने झाकण उघडून भिंगाखाली धरलं. आतल्या पांढऱ्या रंगावर बारीक रेघा उमटल्या होत्या. नुसता रंग गेला नव्हता, खालचं प्लॅस्टिक खोदलं गेलं होतं. बुरूज उलटा केला तर वर्तमानपत्रावर पांढरी भुकटी पडली.

"माझ्या टेबलाला कोणी हात लावला?"

"तुमच्या टेबलाला हात लावायला मला काय वेड लागलंय?" मिचियो म्हणाली. आईने नुसती मान हलवली. ती श्राद्धासाठी वाटाणे निवडत बसली होती.

त्याने आतली बाजू घासून गुळगुळीत केली, पुन्हा पांढरी केली. बुधवारी कामावर जाताना रणगाड्यावर मासे ठेवायची काचेची हंडी पालथी घातली आणि तिच्या कडेला कागदी पट्ट्या चिकटवल्या. दिवसभर साच्यावर काम करताना त्याचं लक्ष नव्हतं. थंडीने प्लॅस्टिक आकसतं, रंग तडकतो, असं तो स्वतःला सांगत राहिला. पंधरा वर्षं साच्यात काढलेल्या माणसाला हे पटत नव्हतं.

संध्याकाळी पट्ट्या जशाच्या तशा होत्या. हंडीच्या आत रणगाड्याभोवती पांढरी भुकटी सांडलेली होती.

या वेळी त्याने भिंग बराच वेळ धरून ठेवलं. रेघा वाटेल तशा नव्हत्या. दोन रेघा जवळजवळ, मग मोकळी जागा, मग एक रेघ. खाली पुन्हा तसंच. दोन, मोकळी जागा, एक. सगळ्या झाकणभर.

त्याने स्वतःचा उजवा हात टेबलावर पसरला आणि करंगळीशेजारचं बोट आत दुमडलं. मग घाईने हात मागे घेतला.

झाकणाच्या बाहेरच्या बाजूलाही एक खूण उमटली होती. तारेची एवढीशी कडी त्याने स्वतः वाकवून बसवली होती. ती वर उचलली गेली होती आणि तिच्या खालचा रंग एका सरळ रेषेत झिजून चकाकत होता. डाग वाचणं हेच त्याचं काम. कडीतून कोणीतरी दांडा आरपार घातला होता आणि खालून कोणीतरी जोर लावत होतं. त्याला दुसरं कारण लिहिता येईना. त्याने वही मिटली.

गुरुवारी त्याने याइझूला सेम्बांना फोन केला. "काका, श्राद्धाच्या आदल्या दिवशीच या. दुपारी आई आणि मिचियो देवळात असतील."

शनिवारी सेम्बा आले ते माशाची पुडी घेऊनच. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण जिना चढताना सत्तरीचा वाटला. तेराओने रणगाडा पुढे सरकवला आणि भिंग हातात दिलं.

सेम्बांनी बाहेरून पाहिलं. मग झाकण उचलून आतून पाहिलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"काय?"

"पहारीचं."

तेराओने पहार हा शब्द तोंडातून काढला नव्हता.

"मी बुरूज लपवायला टाकलेल्या फांद्या सारख्या करायला बाहेर आलो होतो," सेम्बा म्हणाले. त्यांची नजर खिडकीबाहेर होती. "रणगाडा गळ्यापर्यंत पुरलेला. वर नुसता बुरूज. गोळा लागला, आत धूर झाला, आणि तेवढ्यात शत्रूचे लोक आलेच. मागच्या चरात मी लपणार होतो. आतल्यांनी झाकण उघडलं असतं तर शत्रूचं लक्ष गेलं असतं आणि सगळ्यांत आधी मी दिसलो असतो. म्हणून कडीत पहार घातली. ते पुढे गेले की काढणार होतो, पोरा. देवाशपथ."

"मग?"

"गेलेच नाहीत. तिथेच बसून डबे फोडून जेवले."

"त्यांना ऐकू नाही गेलं?"

"त्यांची इंजिनं चालू होती. मी जवळ होतो." सेम्बांनी ओठ पुसले. "सकाळी तिघं ठोकत होते. दुपारनंतर एकच."

"आणि अंधार पडल्यावर? तेव्हा तरी पहार काढायची होती!"

"तोवर ठोकणं थांबलं होतं. म्हटलं, आता उघडून काय उपयोग."

तेराओला त्या माणसाची मानगूट धरून जिन्यावरून खाली लोटावंसं वाटलं. बापाने नखांनी पोलाद खरवडलं होतं, आणि हा माणूस दर वर्षी मासे घेऊन येत होता. पण खाली फाटक वाजलं. आईचा आवाज आला, "सेम्बासान आले वाटतं! चपला दिसतायत." त्या आवाजात इतका आनंद होता की तेराओ मागे सरला.

"तिला कळू देऊ नकोस," सेम्बा कुजबुजले. "उद्याचा एक दिवस."

सेम्बा खाली गेल्यावर तेराओने दार लोटून घेतलं. त्याने झाकणाच्या कडेचा रंग खरवडला, कारण रंगावर गोंद धरत नाही, आणि गोंद सोडला. हा गोंद चिकटवत नाही. दोन तुकडे वितळवून एक करतो. नंतर फट शोधूनही सापडत नाही. त्याने कडी सरळ केली, रंगवली, वर चिखलाची पूड चोपडली. आईला आता काही दिसणार नव्हतं. हे सगळं आपण आईसाठी करतोय, असं त्याने स्वतःला बजावलं.

रविवारी सकाळी भिक्षू आले. आईने काळा किमोनो नेसला होता. रणगाडा हातात घेऊन ती कौतुकाने म्हणाली, "केवढा चिखल लावलायस रे!" आणि तो तिने नवऱ्याच्या नावाच्या पाटीसमोर ठेवला. सेम्बा मान खाली घालून मागे बसले. मिचियोने उदबत्ती लावली.

भिक्षूंनी पोथी उघडली आणि माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडी वाद्यावर काठीने टोले देत पठण सुरू केलं. टक, टक, टक. तेराओ डोळे मिटून मोजत होता. हे संपलं की वडील सुटतील. आई सुटेल. हा मागे बसलेला माणूससुद्धा सुटेल, पण त्याला इलाज नाही.

पठण संपलं. भिक्षूंनी काठी खाली उशीवर ठेवली.

टक, टक, टक.

आवाज बारीक होता. शेगडीवरच्या किटलीचा म्हणावा इतका बारीक. भिक्षूंनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

सेम्बांनी कान झाकून घेतले.

आई गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. तिने रणगाडा उचलून मांडीवर घेतला आणि अंगठा झाकणावर ठेवला. आधी तिने सेम्बांकडे पाहिलं, बराच वेळ. मग मुलाकडे.

"कुनि, हे बंद का केलंस?"

तो जिना चढून वर गेला, चाकू घेऊन खाली आला. कडेला पातं टेकवलं. फट नव्हती. त्याने जोर लावला, पातं तुटलं. दुसरं लावलं. बोट कापलं.

"हळू," आई म्हणाली. मग मांडीतल्या रणगाड्याकडे वाकून म्हणाली, "काढतोय हं तो. जरा दम धर."

टक, टक.

प्लॅस्टिक कणाकणाने सुटत होतं. अर्धं झाकण मोकळं झालं.

टक.

तो थांबला नाही.

पातं पलीकडे निघालं तेव्हा खोलीत कसलाच आवाज नव्हता.

त्याने झाकण उचललं. आतल्या बाजूला पांढरा रंग औषधालाही उरला नव्हता. बुरूज रिकामा होता. सेम्बांचं कपाळ चटईला टेकलं होतं.

आईने त्या एवढ्याशा भोकावर करंगळीचं टोक ठेवलं आणि तशीच बसून राहिली.

"अजून ऊब आहे," ती म्हणाली.